मशीनवर लावलेला गांधार

नंदू, तुझे कान शाबूत होते.

बाकी सगळं नंतर सांगते, हे आधी. काल मुलुंडच्या त्या छोट्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. तुमच्या ऑर्केस्ट्राचा जुना निवेदक माईक हातात घेऊन म्हणाला, की आजारपणात नंदूचे कान गेले, सूर गेला आणि आपला नंदू तिथेच निम्मा संपला. सगळ्यांनी माना हलवल्या. मागून कुणीतरी 'अरेरे' म्हणालं. आपल्या शलाकाने माझा हात घट्ट धरला, आईला हे ऐकवत नाहीये असं त्या पोरीला वाटलं. ऐकवत नव्हतंच, पण कारण वेगळं होतं. तुझे कान गेलेच नव्हते. तुझी गिटार मी बिघडवली होती, आणि तू विचारलंस तेव्हा तुझ्याशी खोटं बोलले होते. हे तिथे उभं राहून सांगायला हवं होतं. मी खुर्चीत बसून राहिले आणि नंतर आलेल्यांना चहा घेऊन जा म्हणाले.

तुला सांगणं त्यातल्या त्यात सोपं आहे, कारण तू मध्ये बोलणार नाहीस. एरवी एक वाक्य धड पुरं करू द्यायचास का कधी?

शलाका बालवाडीत होती तेव्हा ती गिटार आपल्या घरी आली. त्याआधी तू साधी हवाईयन वाजवायचास, मांडीवर आडवी घेऊन, ती बिचारी कपाटामागे मावायची. मग जहाजावर वाजवणारा तो कुणी गोवेकर नोकरी सोडून परत आला आणि त्याची पेडल स्टील गिटार तू आपल्या गळ्यात मारून घेतलीस. विक्रोळीच्या आपल्या दोन खोल्यांत ती काळी पेटी दोघांनी उचलून आणली. उघडून, पाय लावून उभी केली तर हे एवढं टेबल. वर दहा तारा, खाली तीन पेडल, आणि गुडघ्यांना लागतील अशा लोखंडी दांड्या लोंबताहेत. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्या काय रे हाडलंस? आता कपडे शिवतलंस?" तेव्हापासून मजल्यावर सगळे तिला शिलाई मशीनच म्हणायचे. मी विचारलं होतं, गादी कुठे घालायची. तू म्हणालास, "घालू गं कुठेतरी."

पहिल्यांदा वाजवलीस ते मात्र आठवतं. डाव्या हातात ती जाड लोखंडी कांडी, उजव्या बोटांत नख्या, डावा पाय पेडलवर, उजवा पाय आवाज कमीजास्त करायला, आणि दोन्ही गुडघे वेगळ्याच कामाला. पेडल दाबलं की एक तार चढायची, गुडघा सरकवला की दुसरी उतरायची, आणि सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी असा जायचा की मध्ये पायरी म्हणून नाहीच. सासूबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात थांबला. मी म्हटलं, "अहो, छान वाटतंय." आईंच्या समोर 'अहो' आणि त्या देवळात गेल्या की 'नंदू', अशी आपली तेव्हा वाटणी होती.

तिचे सुटे भाग इथे मिळायचे नाहीत. तू कारखान्यात टूल डिझाइनला, मग काय, तुझं फावलं. काही तुटलं की तू कागदावर काढायचास आणि कुणाकुणाला पटवून करून आणायचास. एक दांडी तर तू तिला नवीनच बसवलीस, डाव्या गुडघ्याला, कोमल गांधारासाठी. परदेशी माणसाला त्याची गरज नव्हती, आपल्या भावगीतांना होती. मग जो घरी येईल त्याला गुडघा सरकवून दाखवायचास आणि सांगायचास की अशी गिटार अख्ख्या मुंबईत दुसरी नाही. मी म्हणायचे, "बरोबर आहे, दुसरा कुणी एवढा खुळा नाही." तुला ते कौतुकच वाटायचं.

एकदा मी त्या कांडीने वेलची कुटली होती. हाताला लागली, वजनाला बरी वाटली, पोळपाटावर कुटून टाकली. तुला संध्याकाळी कांडीला वास आला. तू ओरडलाही नाहीस, ती फडक्याने पुसलीस, दिव्याखाली फिरवून फिरवून बघितलीस आणि नुसता म्हणालास, "हिला एक चरा पडला असता ना कुंदा, तर प्रत्येक गाण्यात ऐकू आला असता." मला वाटलं, केवढी ही नाटकं. मला त्यात खरंच काही ऐकू आलं नसतं.

आता आपलं भांडण. आपलं तसं एकच भांडण होतं, बाकीची सगळी त्याची पिल्लं.

मी घाटकोपरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये उभा जन्म काढला. सकाळी गेल्या गेल्या आधी माहितीतला नमुना मशीनमध्ये घालायचा, आकडा बरोबर आला की मशीन ठीक, आणि मग दिवसभर मशीन सांगेल ते खरं. पेशंट म्हणो मला बरं वाटतंय, म्हणो मला काही झालेलं नाही, मी आकडा बघणार. आणि घरी तू. शलाकाने तुला ट्यूनर म्हणून छोटं यंत्र आणून दिलं होतं, तार छेडली की काटा हलणार, सूर बरोबर लागला की हिरवा दिवा. तू आधारसूर त्याच्यावर घेतलास आणि ते बाजूला ठेवून दिलंस. बाकीच्या तारा कानाने. मी विचारलं, "दिलंय तर वापर की पूर्ण." तू म्हणालास, "मशीनला गांधार कळत नाही."

मग तुझं व्याख्यान. मशीन सगळे सूर सारख्या अंतरावर बसवतं, बाजाच्या पेटीसारखे. कुठल्याही पट्टीत वाजवा, चालून जातं. पण तारा एकत्र वाजल्या की कानाला तो गांधार वर चढलेला लागतो, टोचतो. त्याला जरासा खाली घ्यावा लागतो, मग तो बाकीच्यांत मिसळतो. तंबोरा नीट लागला की आपोआप ऐकू येतो तो गांधार. तू चहा घेता घेता सांगायचास, भाजी चिरताना सांगायचास, मी परकराची नाडी ओवत असताना सांगायचास. मी म्हणायचे, "मग यंत्र बनवणारे काय खुळे आहेत? बरोबर म्हणजे बरोबर." तू म्हणायचास, "बरोबर आणि सुरात, दोन वेगळ्या गोष्टी आहेत." मी म्हणायचे, "असं आमच्या लॅबमध्ये बोललास तर माणसं मरतील." इथे तू हसायचास आणि विषय संपायचा. मला वाटायचं मी जिंकले.

मी ऐकायचे नाही रे. तू बोलायचास तेव्हा मी पुढचं उत्तर तयार करत असायचे. इतकी वर्षं तू मला एकच गोष्ट सांगत होतास, आणि ज्या दिवशी ती उपयोगी पडायची होती त्या दिवशी तिच्यातलं अक्षरही मला आठवलं नाही.

तुझ्या पायाची जखम चिघळली, साखर आधीच हाताबाहेर, आणि बघता बघता तो संसर्ग रक्तात गेला. हॉस्पिटलमध्ये जोरदार इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की याने क्वचित कानांवर परिणाम होतो, लक्ष ठेवा. मला ते औषध माहीत होतं, त्याचं रक्तातलं प्रमाण मी स्वतः कितीदा तपासलं होतं. आणि मीच, शहाणी, ते तुला येऊन सांगितलं. माणसाला सगळं माहीत असावं असं माझं मत. तू छताकडे बघत म्हणालास, "पाय घ्या म्हणावं, कान नको." मग म्हणालास, पाय गेला तर पेडल कशाने दाबणार, आणि आपण दोघं हसलो.

तू बरा झालास. पाय वाचला. घरी सोडायच्या आधी तू म्हणालास की इतके दिवस पडून गिटार पार उतरली असेल, घरी गेल्यावर ती सुरात लावण्यातच दिवस जाईल, आणि हातात तर चावी फिरवायचीही ताकद नाही. तू सहज बोललास. माझ्या मनात ते राहिलं. मला वाटलं, एवढं तरी मी करू शकते.

शलाका तुझ्यापाशी बसली होती, मी कपडे न्यायला घरी आले आणि दुपारभर तिथेच राहिले. तुझ्या गिटारवरचं कापड काढलं. शलाकाने दिलेलं ते यंत्र शोधून सेल घातले. तू लावताना मी इतकी वर्षं बघितलंय, कुठली चावी कुठल्या तारेची, पेडल दाबून दुसऱ्या टोकाच्या बारक्या चाव्या कशा फिरवायच्या, सगळं पाठ. पेडल दाबून धरायला माझ्याकडे तिसरा हात नव्हता, म्हणून त्याच्यावर वरवंटा ठेवला. गुडघ्याच्या दांड्या नाडीने गिटारच्या पायाला बांधल्या. एकेक तार हिरवी केली. घामाने भिजले, एका बोटाला तार लागून रक्त आलं. माझ्या त्या सवतीला इतक्या प्रेमाने मी कधी हात लावला नव्हता.

आणि एक गोष्ट मला दिसली होती. बहुतेक तारा इकडेतिकडे झाल्या होत्या, कुठली जराशी वर, कुठली खाली. पण गांधाराच्या तारा, आणि पेडल दाबल्यावर जिथे गांधार येतो त्या तारा, सगळ्या खालीच होत्या, आणि साधारण सारख्याच खाली. लॅबमध्ये मला अशी चूक दिसली असती तर मी खुर्ची सोडून उठले असते. एका बाजूला, एकसारखी झालेली चूक ही आपोआप होत नाही, तिच्यामागे कारण असतं, हे मी नवीन मुलींना शिकवायचे. घरी मी काय केलं? 'बघ, किती उतरल्यात' असं म्हणत सगळ्या वर घेतल्या.

तू घरी आलास. रिक्षातून उतरून जिना चढायला तुला वेळ लागला. पाणीसुद्धा न पिता म्हणालास, "आधी ती." मी तुला खुर्चीत बसवलं, कांडी हातात दिली, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, तुझा चेहरा बघायला. तू आता चकित होणार आणि मग मी सांगणार, असं ठरलं होतं माझं.

तू तीन तारा एकत्र छेडल्यास आणि थांबलास. पेडल दाबून परत छेडल्यास. मान एका बाजूला केलीस, मग दुसऱ्या. तुझ्या कपाळावर आठी पडली, आणि मग आठी गेली आणि तिच्या जागी भीती आली. मी तुला घाबरलेलं फार थोड्या वेळा बघितलंय. मला न बघता तू विचारलंस, "कुंदा, हिला कुणी हात लावला का गं?"

मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं ते नीट सांगते, कारण याच्यावरच सगळं आहे. मला पक्कं माहीत होतं की तारा बरोबर आहेत, प्रत्येक तारेला हिरवा दिवा मी डोळ्यांनी बघितला होता. आणि तुला त्या चुकीच्या ऐकू येत होत्या. म्हणजे इंजेक्शनने घात केला, तुझे कान गेले. हे मला तुझ्या आधी कळलं, असं मला वाटलं. मी लावली म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस कशी, मी म्हटलं असतं मशीनवर, आणि मग तुझ्याकडे पुरावाच आला असता. मला वाटलं, नको. निदान थोडे दिवस त्याला वाटू दे की गिटारच उतरली असेल. तुझी कीव आली म्हणून खोटं बोलले. आणि तूही असा, की जन्मभर माझी कुठलीही गोष्ट उलटतपासणी घेतल्याशिवाय मानली नाहीस, आणि नेमकं हे एका शब्दावर मानलंस.

तू चावी फिरवून बघितलीस, थोडी खाली, परत वर, परत खाली. तू म्हणालास की सूर कुठे थांबवायचा तेच कळत नाहीये. एकदा तर मला वाटतं तू बरोबर जागी आणलाही होतास, कारण क्षणभर तुझे खांदे सैल पडले. पण आता तुझा तुझ्यावरच भरवसा उरला नव्हता. तू चावी परत होती तिथे नेलीस, कांडी खाली ठेवलीस आणि शांतपणे म्हणालास, "कान गेले माझे." मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, होईल बरं.

कानांची तपासणी केली तर रिपोर्ट नॉर्मल. वयाच्या मानाने उत्तम, असं तपासणारी मुलगी म्हणाली. तू तिला म्हणालास, बोलणं ऐकू येतं गं, सूर गेलाय. मी म्हटलं की रेडिओवर तर तुला सगळं नीट लागतं ना. त्यावर तू म्हणालास की ती गाणी पाठ आहेत, ती मी आठवणीतून ऐकतो, तिथे फसायला होतं. मग तू रेडिओही बंद केलास. जिने आयुष्यभर रिपोर्टवर विश्वास ठेवला तिने तो एकच रिपोर्ट मनावर घेतला नाही.

त्यानंतरचे महिने. इनास यायचा, मरोळच्या गावठाणातून दोन बस बदलून. तुमच्या ऑर्केस्ट्रातला हा गिटारवाला, ज्याला तू पेडल स्टीलचं थोडंफार शिकवलं होतंस. तो म्हणायचा, काढ ना यार कापड, बसू जरा. तू त्याला खाडीकडे फिरायला न्यायचास. गणपतीत मंडळाची पोरं बोलवायला आली तेव्हा त्यांना हसत सांगितलंस की नंदू रिटायर झाला. शलाकाला फोनवर म्हणालास, तुझ्या आईची बोलणी आता कमी ऐकू येतात, इंजेक्शन झकास आहे.

आणि तू भांडणं सोडलंस. मी म्हणेन ते बरोबर. भाजी ही आणू, बरं. पंखा कमी करू, कर. शनिवारी संध्याकाळी तू घरी असायचास, माझ्याबरोबर बाजारात यायचास, पिशवी धरायचास, कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून बघायचास. इतक्या वर्षांत आपले शनिवार कधी आपले नव्हतेच, कुठे चेंबूरला लग्न, कुठे अंधेरीला ख्रिसमस. नंदू, मला ते आवडायला लागलं होतं. घर शांत होतं, नवरा घरात होता, आणि मी मनातल्या मनात म्हटलं होतं की चला, जे झालं ते झालं, यातूनही काही बरं निघालं. तू आतून विझत होतास आणि मी कोथिंबीर स्वस्त झाल्याच्या गोष्टी करत होते. खोटं बोलल्यापेक्षाही हे मला जास्त लागतं.

आणि मग एका सकाळी चहाचा कप तसाच राहिला. तुझ्या हृदयाने कुणालाही विचारलं नाही. ते मी लिहीत नाही, तू होतासच तिथे.

दिवसकार्य आटोपल्यावर इनास आला. म्हणाला, वहिनी, शोकसभेत भाषणं काय कुणीही करील, नंदूच्या गिटारवर नंदूचं एक गाणं वाजवतो, जमेल तसं. मी कापड काढून दिलं. तो बसला, नख्या घातल्या, पेडल दाबून तारा छेडल्या आणि लगेच हात उचलला. तारांकडे बघत राहिला.

"वहिनी, हिला कुणी लावलं?"

मी या वेळी खरं सांगितलं. मी लावली म्हटलं, तो हॉस्पिटलमध्ये असताना, यंत्रावर, एकेक तार हिरवी करून.

इनासने बोटांतल्या नख्या काढून ठेवल्या. मग हळूच म्हणाला की नंदूची गिटार कधीच हिरवी नसायची, गांधार तो खाली ठेवायचा, आम्हाला सगळ्यांना शिव्या घालून घालून शिकवलं त्याने. एवढं बोलून तो थांबला, आणि मला दिसलं की त्याच्या डोक्यात हिशेब लागत चाललाय. त्याने विचारलं, "नंदूने त्यानंतर वाजवली? हीच?" मी मान हलवली. "आणि तुम्ही लावली ते त्याला माहीत होतं?" मी मान हलवली, नाही अशी.

तो उठून गॅलरीत गेला. तिथून म्हणाला, "त्याचे कान बरोबर होते, वहिनी." मी तोवर खाली बसले होते, गिटारच्या पायाशी, लादीवर. रडायला आलं नाही. तुझी ती मान एका बाजूला केलेली, मग दुसऱ्या बाजूला, तेवढं दिसत राहिलं. तुला बरोबर ऐकू येत होतं. त्या क्षणी घरात बरोबर असं तेवढंच एक होतं, आणि तू ते टाकून दिलंस, कारण मी नाही म्हटलं.

मला तुझा रागही आला, लपवत नाही. परत का नाही विचारलंस? दर गोष्टीत कीस काढायचास, इथे का नाही काढलास? इनासला एकदा बसवून विचारायचं होतंस की बाबा, तुला कसा लागतो हा गांधार. तू कापड घातलंस आणि मोकळा झालास. पण हा राग टिकत नाही. तुला कोणावर विश्वास ठेवावासा वाटला, हे आठवलं की तो जातो.

इनासने मग मोबाइल काढला. त्यात कुठल्यातरी गणपतीतलं तुझं वाजवणं होतं, गर्दीच्या आवाजातलं. ते परत परत लावत, थांबवत, त्याने तारा एकेक करून खाली आणल्या. ऊन गॅलरीतून आत येऊन भिंतीवर गेलं. चहा केला, तो तसाच गार झाला. शेवटी तो म्हणाला, "वहिनी, इथे बसा. आता ऐका." एक गांधार त्याने मुद्दाम माझ्यासाठी परत वर नेला, यंत्रावर हिरवा केला, आणि तीन तारा एकत्र छेडल्या. मग चावी किंचित फिरवून तो खाली आणला आणि त्याच तीन तारा छेडल्या. त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "हा नंदू. कळला ना फरक?"

मी म्हटलं, "हो."

त्याला बरं वाटलं. त्याने डोळे पुसले, गिटार शोकसभेसाठी पेटीत भरली. काल त्याने ती वाजवली. थोडा अडखळला, पण माणसं रडली. मीही रडले, पण ते सुरामुळे नाही.

मला दोन्ही सारखेच ऐकू आले, नंदू. मी त्याला पुन्हा वाजवायला लावलं होतं, डोळे मिटून, कान तारांजवळ नेऊन ऐकलं होतं. सारखेच. इतकी वर्षं मला वाटायचं की तुझं म्हणणं मला पटत नाही. ते मला ऐकूच येत नव्हतं, आणि ऐकू येत नाही हेसुद्धा मला कळलं नव्हतं. आज शलाकाला समोर बसवून सगळं सांगणार आहे. ती म्हणेल, आई, तू मुद्दाम थोडंच केलंस. म्हणू दे. त्या दिवशी खोलीत आपण दोघंच होतो. चूक तुला ऐकू आली, मला नाही आली. आणि आपण दोघांनी मिळून ठरवलं की कान तुझे गेले.